शेवटची जिंतूर

मोबाइल गेटवर जमा करायचा, वहीत सही, मग आत.
म्हणून माझं कॉलेज भरतं क्वार्टरच्या गच्चीवर,
पाण्याच्या टाकीला पाठ टेकून,
तिथंच तेवढी रेंज.
परभणीचं ऊन रात्री दहालाही टाकीतून उतरलेलं नसतं,
आणि कानात कुठल्याशा शहरातले सर
शिक्षेचा इतिहास सांगतात,
मधेच खोकतात, मधेच गोठतात
तोंड उघडं ठेवून.

नवरा म्हणाला, एवढ्या फीमध्ये कूलर आला असता.
आला असता.

सतरा वर्षं झाली चावी कमरेला लावून.
पहिल्यांदाच कळलं, मी करते त्याला
सुधारसेवा म्हणतात.
दुसऱ्या दिवशी महिला बराकीत शिरताना
जरा चाल बदलली माझी,
मग आठवलं, संडासाचं दार अजून मोडकंच आहे.

पुस्तकातला बंदी हा शब्द
एकवचनात, अनेकवचनात सारखाच.
सकाळच्या गिनतीला मी तरी कुठं वेगळं म्हणते:
अकरा बंदी, दोन लेकरं.
धाकट्यानं अजून म्हैस बघितलेली नाही.

व्याख्या पाठ होईनात, म्हणून तळहातावर लिहायचे.
सोजरबाईनं एकदा मनगट धरलं,
"मॅडम, हातावर काय लिव्हलंव?"
परिविक्षा, मी म्हणाले.
"त्येनं काय होतंय?"
तुरुंगात नाही पाठवत. घरीच राहायचं, नजरेखाली.
ती हसली, पुढचा दात नसलेलं हसू,
"मंग बाई, आमी सासरी तेच करत होताव की."

सोजरबाई तिसऱ्यांदा आलेली.
दर वेळी बसस्टँड, दर वेळी कुणाची तरी पर्स.

परीक्षा ऑनलाइन.
पडद्यातला मुलगा म्हणाला, खोली दाखवा.
मी फोन फिरवला: कपाट, देव, गॅसची टाकी.
पलंगाखाली दाखवा. दाखवलं.
कान दाखवा. केस मागं घेतले.
तळहात.
घासून घासून धुतलेले होते, तरी छातीत धडधडलं.
रोज अकरा बायकांना मी हेच सांगते,
याच क्रमानं, याच आवाजात.
"मान वळवू नका मॅडम, आम्हाला दिसतंय."
तीन तास मी मान वळवली नाही.

प्रश्न सातवा, दहा गुण:
सुटलेले बंदी पुन्हा गुन्ह्याकडे का वळतात? कारणे लिहा.
बेकारी, संगत, कलंक,
सगळं येत होतं मला, ओळीनं.
मी लिहिलं:
कोर्टाचा कागद साहेबांच्या टेबलावर येईस्तोवर पाच वाजतात.
मग नोंदी, अंगठे, सामानाची पिशवी शोधणं,
गेट उघडतं सव्वासातला.
जिंतूरची शेवटची गाडी सहा पन्नासला.
बाईमाणूस रात्रभर स्टँडवर,
पायात जेलमध्येच तुटलेली चप्पल,
आणि शेजारी कुणीतरी झोपलेलं,
डोक्याखालची पर्स अर्धी बाहेर.
उपाय: सुटका सकाळी करावी.

दहापैकी अडीच.
शेरा: संदर्भ दिलेले नाहीत.

पदवी पीडीएफमध्ये आली.
स्टेशन रोडच्या झेरॉक्सवाल्यानं रंगीत काढून दिली, वीस रुपये.
गव्हाणेचं गव्हाने झालंय,
दुरुस्तीचा अर्ज टाकलाय, बघू.
त्याच दुकानात एसटीचं वेळापत्रकही काढलं,
जिंतूर, पाथरी, सेलू, गंगाखेड,
मोठ्या अक्षरात,
आणि साहेबांच्या खोलीत घड्याळाखाली चिकटवलं.
हे कशाला, गव्हाणे?
संदर्भ, साहेब.
ते कागदाकडं बघत राहिले, मग घड्याळाकडं.
आमचं घड्याळ दहा मिनिटं मागं चालतं.